शबानानं काढलेली आईची चाल

जमलेल्या सगळ्यांना नमस्कार. बशीरचाचा, तुम्ही समोर बसलायत, म्हणून बोलणं आणखी अवघड झालंय. मी सुनंदा, कळंबच्या शाळेत चित्रकला शिकवते. तुमची लेक शबाना माझी कॉलेजपासूनची मैत्रीण. कावीळ झाली काय आणि ती गेली काय, अजून खरं वाटत नाय.

मागं बॅनर लावलाय, 'थोर चित्रकर्तीस श्रद्धांजली'. थोर! कलामंडळाच्या पदाधिकाऱ्यांनो, हा शब्द तुम्हाला कधी सुचला? ती जिवंत असताना तर नाही सुचला.

शबाना मुलांच्या मासिकांत चित्रकथा काढायची. आई गेल्यावर तिनं आईवर छोटी ॲनिमेशन फिल्म केली. जुन्नरच्या बाजारातून आई पिशवी घेऊन घरी येते, एवढंच. सगळं हातानं काढलेलं. पाऊल उचललं, एक चित्र. पाऊल टेकलं, दुसरं चित्र. कितीतरी महिने ती तेच करत होती.

ती चित्रं घेऊन आम्ही दोघी मंडळाच्या प्रदर्शनाला गेलो. अध्यक्षांनी हातातसुद्धा घेतली नाहीत. म्हणाले, "बाई, ही कार्टूनं. पोरांना दाखवा. इथं कला लागते." बाकीचे हसले.

आणि भिंतींवर काय लागलं? फोटो बघून रंगवलेले सूर्यास्त. सगळ्यात मोठा अध्यक्षांचा. तो बघून कोणाला कोणाची आठवण आली का? सांगा की.

त्याच संध्याकाळी शबानानं घरच्या भिंतीवर फिल्म लावली. आई चालत आली, दारात थांबली, पिशवी या हातातून त्या हातात घेतली. चाचा म्हणाले, "तीच हाय. गुडघा दुखायचा तिचा, म्हणून अशी थांबायची." फिल्म संपल्यावर म्हणाले, "परत लाव, बेटा."

ज्यांना ही कला वाटत नाही, त्यांनी निदान कलेच्या नावानं मंडळं तरी काढू नयेत.

आता म्हणे तिच्या नावानं पुरस्कार देणार, तिची चित्रं सभागृहात लावणार. काल अध्यक्ष ती न्यायला घरी आले होते. चाचांनी चहा पाजला, पण चित्रं दिली नाहीत. लई बरं केलं, चाचा.

चला, शबानासाठी उभं राहू. थोडा वेळ गप्प राहू. मंडळाच्या लोकांनी बसून राहिलं तरी चालेल. फक्त बोलू नका.