दिसली तीच डिस्क

आईचा लॅपटॉप पुसून नव्यासारखा करून घ्यायला पिशवीत घेऊन मी संगणक दुरुस्तीच्या दुकानात उभी होते. ती जाऊन महिना झाला होता. पुढे एक बहीण-भाऊ होते.

“नव्या मशीनवर जुनी सिस्टीम टाकायला तुला सांगितलं कोणी?”

“ताई, अण्णांचा बुटांच्या मापांचा प्रोग्रॅम जुन्या सिस्टीमवरच चालतो.”

“मग चालला?”

“लोगो येतो आणि मशीन परत पहिल्यापासून सुरू होतं.”

“तेच होणार,” मेकॅनिक म्हणाला. “प्रोसेसर नवा आहे, जुनी सिस्टीम त्याला ओळखत नाही. टाकताना डिस्क किती दिसल्या?”

“एकच.”

“आत तर दोन आहेत.”

“दुसरी अण्णांची. मापं उतरवून घ्यायला जोडली होती.”

“जुन्या सिस्टीमला नवी डिस्कही दिसत नाही, साहेब. दिसली ती अण्णांची.”

“आणि सिस्टीम टाकायला तू तीच पुसलीस? अरे, वाकड्या पायांच्या माणसांची तीस वर्षांची मापं होती त्यात.”

“मला वाटलं, नवीच असणार.”

“अण्णा होते तोवर दुकानाची पायरी चढला नाहीस. आता आलास शहाणपण पाजळायला.”

“लोक ऐकतायत, ताई.”

“ऐकू देत.”

“थोडं मिळेलही परत,” मेकॅनिक म्हणाला. “पण दर खेपेला आणखी पुसलं गेलं असणार. किती वेळा केलंत?”

“अकरा.”

“अकरा वेळा. एकदाही मला फोन करावासा वाटला नाही?”

“तू उचलला असतास, ताई?”

माझा नंबर आला. मी पिशवी उघडली नाही. नुसता चार्जर मागितला.