बट कशाला लावलंस?

अंजूरच्या नाक्यावर शेअर रिक्षा भरायची वाट बघत इमाद ड्रायव्हरच्या शेजारी बसला होता. मागच्या सीटवर दोघी मैत्रिणी होत्या. वनिताची आज पूर्णा गावच्या एका गोडाऊनमध्ये मुलाखत होती आणि सना तिची इंग्रजीची तयारी करून घेत होती.

“स्वतःबद्दल सांग म्हणाले तर? बोल.”

“आय ॲम ऑनेस्ट.”

“एवढ्यावर कोण ठेवील तुला? पुढे अँड लाव, अजून एक गुण सांग.”

“आय ॲम ऑनेस्ट अँड हार्डवर्किंग, बट आय गेट ॲंग्री.”

“बट कशाला लावलंस?”

“आपल्याच तोंडानं नुसतं कौतुक कसं करू? लाज वाटते गं.”

“बरं. जुनी नोकरी का सोडली विचारलं तर?”

“आय लेफ्ट बिकॉज सुपरवायझर वॉज लेझी अँड रूड.”

इमाद सावरून बसला.

“अगं, समोर सुपरवायझरच असणार हाय. बिकॉज गोडाऊन वॉज स्मॉल, असं सांग.”

“पण ते लय मोठं होतं.”

“मग पहिलं ते ऑनेस्ट काढून टाक.”

“आणि त्यांनी पुढं काय विचारलं तर?”

इमादला राहवलं नाही. त्यानं खिशातला घडी घातलेला कागद काढला आणि मागं वळला.

“ताई, पुढं काय विचारणार न्हाय. आज पूर्णाला मुलाखत घेणारा तो सुपरवायझर मीच. साहेब बोलले, इंग्लिशमध्येच विचार, आणि मला हे दोनच प्रश्न पाठ हायत.”

वनितानं ओढणी तोंडाला लावली. सनानं मात्र हात पुढे करून कागद घेतला.

“म्हणून दाखवा, सर. अजून एक सीट भरायची हाय.”