हार गळ्यात असताना

हॅलो?

हो, तुंगाच बोलतेय. कोण, मृदुला? … अगं तुझा आवाज असा विहिरीतून आल्यासारखा का येतोय? … थांब, गॅस बारीक करते, सारू उतू जातंय. … हं. बोल.

नाही, जेवण व्हायचंय. … आणि तू कशासाठी फोन केलास तेही ठाऊक आहे मला. तुझ्या अमेयची, आमच्या नव्या हेडमास्तरची, वकिली करायला. … रागावले नाही गं. अगं ऐक ना. तू सांगायच्या आधी मी सांगते. एकादशीला राममंदिरात पुढची सतरंजी धरून बसतेस ना, तशी बस. जवळ सरक. कथा मोठी नाही, पण मधे बोलायचं नाही आणि मधेच उठायचं तर मुळीच नाही. … हं, शहाणी.

मंगळवारी शाळेत काय झालं, ते अमेयने काय सांगितलं तुला? … "सातवीतली एक मुलगी पाहुण्यांसमोर उद्धट वागली." … बस्स, एवढंच? हाराचं नाही सांगितलं? … बघ. म्हणजे आख्यान सांगितलं आणि नारदच गाळला.

माझा इंग्रजीचा तास कसा चालतो ते माहीत आहे ना तुला? … धिंगाणा नाही गं, कीर्तन. कोण म्हणतं धिंगाणा, अमेय? … म्हणू दे. हातात झांज घेते, एक ओळ मी म्हणते, मुलं ध्रुपद धरतात. अॅट होम. बाय बस. ऑन टाइम. इन द मॉर्निंग. … हसू नकोस, ऐक. आमची मुलं घरात मराठी बोलतात, गल्लीत कानडी. दोन्हीकडे "खाली" मागून येतो. वाळूखाली. मरळिन केळगे. इंग्रजीत तो पुढे जाऊन बसतो. अंडर द सँड. मी त्यांना म्हणते, दसऱ्याची मिरवणूक बघता ना? इंग्रजीत चोपदार पुढे, राजा मागे. चोपदाराला एकटा सोडायचा नाही आणि राजाला चोपदाराशिवाय बाहेर काढायचा नाही. जोडी अख्खी उचलायची, वाक्यात हवी तिथे ठेवायची.

… अगं आहेत की वर्कशीट. अमेयने गठ्ठेच आणलेत. रिकाम्या जागा भरा. भरतात मुलं, चोख भरतात. आणि तोंड उघडलं की "आय गो बस". कागदावरची जागा भरली, तोंडातली रिकामीच.

हो, हो… येते तिकडेच येते. तर सध्या आख्यान लावलंय तलकाडचं. बिसाइड द कावेरी, अंडर द सँड, देवळं. विदाउट अ लॅम्प. विदाउट अ बेल. मग एक दिवस, आउट ऑफ द सँड, कळस. … गोड आहे ना? मुलांनीच रचलंय, मी फक्त चाल दिली.

आता नियम ऐक, सगळं त्याच्यावर आहे. ज्याची पाळी, त्याच्या गळ्यात हार. शाळेच्या कुंपणावरच्या फुलांचाच, पण हार. आणि हार गळ्यात आहे तोवर ते मूल नारदाच्या गादीवर उभं. त्याने कुणाला नमस्कार करायचा नाही, कुणासाठी थांबायचं नाही. … का म्हणजे? तूच सांग, आपले ट्रस्टचे अध्यक्ष कीर्तनाला उशिरा येतात तेव्हा बुवा काय करतात? … बरोबर. हाताने दाखवतात, मागे बसा. आणि अध्यक्ष मुकाट्याने मागे बसतात.

ही मुलगी कोण, ते सांगितलं का त्याने? … सहाना. देवराज मोहल्ल्यातले नरसिंगराव शिंपी नाहीत का, तुझे ब्लाउज शिवतात ते. त्यांची धाकटी. … हो, तीच, दुकानात सारखी बडबडत असते ती. पण इंग्रजीचा तास आला की तोंडाला कुलूप. पाचवीत नाही, सहावीत नाही. एक शब्द नाही. मारून नाही, गोंजारून नाही. आणि मंगळवारी ती आपण होऊन उठली, म्हणाली, टीचर, आज हार मला.

मी लगेच हार तिच्या गळ्यात घातला.

उभी राहिली. झांज मी धरली. पहिली जोडी आली, दुसरी आली, वाळूपर्यंत पोचली, आणि दार उघडून तुझा अमेय आत. बरोबर दोन पाहुणे, चकचकीत बूट. सगळा वर्ग उभा, गुड मॉर्निंग सर. सहाना नाही. तिने पाहिलं, थांबली नाही, हात असा वर केला आणि म्हणाली, प्लीज सिट डाउन, सर. इन द लास्ट रो.

… हस. हस बाई. मीही पदरात हसले. पाहुण्यांपैकी एकजण जाऊन बसलासुद्धा मागच्या बाकावर.

नाही, आता हसणं पुरे. मला सांग, त्या वाक्यात काय चुकलं? … इन द लास्ट रो. कुणी घोकून घेतलं नव्हतं. गरज पडली, आणि जोडी तोंडात आली, चोपदार पुढे, राजा मागे. ज्या मुलीने दोन वर्षं ओठ हलवले नाहीत, तिने. आणि अमेयने काय केलं? सगळ्यांदेखत हार काढायला लावला. म्हणाला, से सॉरी. ती बोलली नाही. मग उद्याच्या कानडी गोष्टींच्या स्पर्धेतून तिचं नाव काढलं. टाउन हॉलमध्ये आपल्या शाळेचं एकच मूल बोलणार, ती बोलणार होती. सॉरी म्हणाली तरच, नाहीतर दुसरं कुणी.

… एका शब्दाचंच तर काम आहे? मृदुला, तू असं म्हणावंस? मुलीने जन्मात पहिल्यांदा इंग्रजीत तोंड उघडलं आणि पदरात काय पडलं, तर माफी. पुन्हा उघडेल ती?

… मी मागू, तिच्या वतीने? नाही. सुम्मने, उगीच मागायची म्हणूनसुद्धा नाही. मी मागितली की माझा नियम खोटा. आणि तिने तो खरा धरला होता. हार मी घातला तिला. तिने तो नीट वागवला.

… जाऊ दे नोकरी. जयलक्ष्मीपुरममध्ये ओटे काही कमी नाहीत. बसेन एखाद्या ओट्यावर झांज घेऊन.

नरसिंगराव काल आले होते. बिचारे दारातच उभे. म्हणाले, टीचर, मी सांगून थकलो, सॉरी म्हण गं पुट्टी, काय जातं. बोलतच नाही. … अगं इंग्रजी नव्हे, काहीच बोलत नाही. मराठी नाही, कानडी नाही. दुकानात मशीनपाशी बसते आणि चिंध्यांच्या घड्या घालते. … हो. मंगळवारपासून.

… हॅलो? कुणाशी बोलतेस तिकडे?

काय? स्पीकरवर आहे? … केव्हापासून? … बरं. बरंच झालं. दे त्याला.

अमेय. … नाही, आधी तू बोल. … हं. … हं. … पाहुण्यांसमोर तुझी मान खाली गेली. कळतं मला ते. नवा आहेस, ट्रस्टने मोठ्या विश्वासाने आणलंय. … शिस्त हवीच. अरे पण मी काय म्हणते, ती शिस्तच होती. … ऐक. साताऱ्याला तुझे आजोबा एका कीर्तनकाराच्या पाया पडले होते, तू शेजारी उभा होतास. आईनेच सांगितलंय मला. बुवा केवढे होते? … बोल ना. … मिसरूड न फुटलेला पोरगा होता. आणि आजोबा निवृत्त मामलेदार, सगळं गाव त्यांना वाकणारं. हार घातलेल्या पोराच्या पायावर डोकं ठेवलं त्यांनी. मान खाली गेली का त्यांची?



… नाही, मी तुला हुकूम करत नाही. नाव ठेवायचं की काढायचं, तुझ्या हातात आहे. माझ्या हातात काय आहे ते सांगते. उद्या सकाळी रिक्षा करून मी सहानाला टाउन हॉलला आणणार. नाव पुकारलंत तर ती आत बोलेल. नाही पुकारलंत तर बाहेर पायऱ्यांवर बोलेल. हार मी घेऊन येतेय, मल्लिगेचा, आपल्या मोगऱ्याचा, चांगला घसघशीत. … वॉचमनला सांगशील? सांग. तोही ऐकेल दोन घटका.

… काय म्हणालास? … हं. हा प्रश्न खरा आहे, बाळा. तिथे येऊनही ती बोलली नाही तर. … मग नाही बोलली. मी तिच्याजवळ बसेन पायरीवर, लोक घरी जाईपर्यंत. पण सॉरी म्हणायला मी तिला सांगणार नाही, आणि तू सांगितलंस तर मधे उभी राहीन.

… हो. लास्ट रोचं ते स्वतःच म्हणाली. कुणी शिकवलं नव्हतं. … दे आईला.

मृदुला? गेला का आत? … गॅलरीत उभा आहे? राहू दे. आत्ता काही विचारू नकोस त्याला. … नाही गं, वाईट नाही मुलगा. वाईट असता तर एवढं बोलले नसते मी.

आणि तू त्याची समजूत घालायची नाहीस. माझ्यासाठी तर नाहीच. … एकच मागणं आहे. पहाटे देवापुढे बसशील, तेव्हा अमेयसाठी मागशीलच, आई आहेस. पण उद्या त्याच्या आधी सहानाची आठवण ठेव. … हो, सहाना. नरसिंगरावांची धाकटी. जिंकू दे म्हणू नकोस. बोलू दे, एवढंच म्हण.

… हं. ठेवते.