दोन केबिनींच्या मधली खुर्ची

…आणि वर मलाच म्हणते, "तुला यातलं काही कळत नाही!" नाही कळत, बाई! मी कुठे म्हणतो कळतं म्हणून? पण तुम्हाला सांगतो, आमच्या ताईची एकदा खात्री झाली ना, की झाली! मग साक्षात ब्रह्मदेव खाली उतरला तरी ती त्याला म्हणेल, "बसा, तुमचं काम नेमकं काय ते आधी सांगा."

कारण तिचा धंदाच तो! जॉब ॲनालिसिस. म्हणजे दुसऱ्याच्या ऑफिसात जायचं, कोण काय काम करतं ते शोधायचं. मुलाखत घ्यायची, शेजारी बसून निरीक्षण करायचं, बाकीच्यांना प्रश्नावली वाटायची, आणि मग सांगायचं, ही जागा ठेवा, ती काढा. आई म्हणते, "हे तर आपल्या शेजारीणबाई फुकट करतात!" पण ते जाऊ द्या…

तर एक कारखाना. दारं-खिडक्या बनवणारा. मालक दोघे सख्खे भाऊ. समोरासमोर केबिनी, आणि मधल्या बोळात एक खुर्ची. खुर्चीत काकू. काकू गुडघ्यांनी बेजार, लेकीकडे राहायला निघालेल्या. आता त्यांच्या जागी माणूस घ्यायचा, तर काकू करतात काय? कुणालाच सांगता येईना! बोलवा ताईला.

ताईनं मुलाखत घेतली. "काकू, तुमचं मुख्य काम?"

"काही नाही गं. इकडचं तिकडे सांगते."

आता याचा अर्थ कुणी काय घेईल? ताईनं लिहिलं, निरोप्या! मग आठवडाभर शेजारी बसून निरीक्षण. काकूंनी काय केलं? स्वेटर विणला! दोन्ही भाऊ परक्या बाईसमोर असे शहाण्यासारखे वागले म्हणता… "दादा, जरा येता?" "हो रे, आलोच!" मग प्रश्नावली. कामगारांनी लिहिलं, "काकू बसतात." "काकू विणतात." आणि खाली प्रत्येकानं एकच, "पण त्यांना जाऊ देऊ नका." ताई म्हणाली, हे भावनिक उत्तर, हे धरायचं नसतं. खात्री झाली तिची! अहवाल ठोकला, जागा अनावश्यक, दोन्ही केबिनींत इंटरकॉम बसवा.

बसवला हो! काकू गेल्या आणि दुसऱ्या दिवशी सकाळी थोरल्यानं इंटरकॉम उचलला आणि काकूंना सांगायच्या सवयीनं म्हणाला, "त्या गाढवाला सांग, शाळेची ऑर्डर घ्यायची नाही!" आणि पलीकडून, "गाढव ऐकतंय! बोला!"

झालं! दुपारपर्यंत वाटण्या! दारं थोरल्याची, खिडक्या धाकट्याच्या, कामगार मधे उभे, कुणाच्या हाताखाली जायचं तेच कळेना. फोरमननं ताईला फोन केला, "मॅडम, तुम्हीच काढलंत त्यांना, आता तुम्हीच या. इथे पन्नास घरं चालतात."

ताई गेली. घाबरली? छे! तिची खात्रीच होती, निरोप अचूक पोचला की भांडण मिटतं. बसली काकूंच्या खुर्चीत. थोरला ओरडला, "विचार त्याला, अक्कल गहाण टाकलीस का?" ही गेली आणि शब्दन् शब्द तसाच सांगितला! धाकट्यानं टेबलावरचा पेपरवेट उचलला हो… ताई कशी वाचली ते तीच जाणे.

बाहेर येऊन बसली. पहिल्यांदाच खात्री डगमगली! तेवढ्यात थोरला पुन्हा, पण आवाज जरा खाली, "म्हणावं, डबा खाणार नसशील तर दे फेकून, मला काय त्याचं!" ताई उठली. दारापर्यंत गेली, थांबली. आणि आत जाऊन म्हणाली, "दादा म्हणतायत, जेवून घे."

धाकट्यानं डबा पुढे ओढला. मग म्हणाला, "त्याला म्हणावं, शुगरची गोळी घेतली का, की तीही मीच आठवायची?" ही पलीकडे जाऊन म्हणाली, "तुमची काळजी करतायत." संध्याकाळी शाळेची ऑर्डर घ्यायची ठरली. दारंही, खिडक्याही!

मग ताईनं जुना अहवाल स्वतःच्या हातानं फाडला, मालकांना सांगितलं, "चुकलं माझं, जागा अत्यावश्यक आहे, आठवड्यात माणूस देते." पुन्हा खात्री! जाहिरात काय द्यायची यावर डोकं खाजवलं, शेवटी दिली, "पाहिजे : खोटं बोलता येणारा, अत्यंत प्रामाणिक माणूस."

अर्जांचा पाऊस पडलाय, तुम्हाला सांगतो! पहिली अट सगळ्यांना जमते हो… दुसरीला गाडी अडते. तोवर आमची ताई बसलीय त्या खुर्चीत. परवा लोकर मागवलीन!