पत्रिकेतली मोकळी जागा

इंदापुरात लग्नपत्रिका छापून देणाऱ्या दुकानात मी माझा क्रमांक येण्याची वाट पाहत होतो. पुढच्या बाईंनी संगणकाच्या पडद्यावर बोट टेकवले.

"सुयोग, माझ्या लेकीच्या पत्रिकेत माझंच नाव न्हाय?"

"सारजाकाकू, नावं तुमच्या दिरांनी दिली. आता पानावर जागा न्हाय."

"मग ह्यो मोकळा पट्टा?"

"पुढाऱ्यांच्या फोटोखाली मोकळं सोडावं लागतं. शोभा येती."

"मालक गेल्यावर पोर मी वाढवली, आन् शोभा ह्यांची?"

"ओळी जवळ घेतल्या तर बसंल. पण पान दाटलेलं दिसंल."

"मांडवात दाटी झाली म्हणून नवरीच्या आईला भाईर काढत्यात व्हय? घे जवळ."

"बरं. दिरांच्या खाली टाकू?"

"वर."