बारीक चाकाचं गाईड

कामशेतच्या हार्डवेअरच्या दुकानात चैताली बिजागऱ्या घ्यायला थांबली होती. तिच्या पुढं एक म्हातारे सुतार होते, हातात रंध्याचं पातं घेऊन. दुकानदार त्यांना समजावत होता.

“केरबाआबा, पातं ह्या धारेच्या गाईडमध्ये आवळायचं आणि दगडावर पुढं-मागं ढकलायचं. धारेचा कोन हलत नाही.”

“हात कापतो रं आता. पन दोन का काढलीस?”

“हे रुंद चाकाचं, सरळ चालतं. ते बारीक चाकाचं, हात तिरका पडला की डुगडुगतं. आजवर कशी लावायचात धार?”

“आवाजावर. मी वट्यावर घासायचो, आन् सरू चुलीपुढनं वरडायची, ‘अवो, पातं कललं!’ न बघता. माझ्या आदी तिच्या कानाला कळायचं.”

“मावशींना जाऊन वर्ष झालं ना?”

“दिवाळीला व्हईल. दगडाचा आवाज बदलला की अजून हात थांबतो, आता वरडंल म्हून.”

“म्हणूनच रुंद घ्या, आबा. आवाज शेवटपर्यंत एकसारखा.”

“आन् त्या बारीक चाकाचा?”

“तो बदलणारच की.”

“मग तेच दे.”