बंद करून चालू

नाही, पण मी काय म्हणतो, बंद करून चालू करणं हे काय औषध आहे का हो? ज्याला विचारावं तो तेच सांगतो! तुम्हाला सांगतो, त्या रविवारी मी आमचा कॉम्प्युटर इतक्या वेळा बंद करून चालू केला, की माणूस असता तर अंगावर धावून आला असता.

जुना आहे, मान्य. सुरू होईतोवर माझी दाढी करून होते. पण चालत होता ना! आणि नेमकं रविवारी नेट गेलं. गेलं म्हणजे... गेलंही नाही, तीच तर गंमत. नेटच्या डबीवरचे सगळे दिवे हिरवे, आमच्या हिच्या मोबाईलवर शेजारणीचे निरोप धडाधड येतायत, आणि हा पठ्ठ्या मात्र काहीही उघडायला जावं की म्हणतो, ही साइट सुरक्षित नाही. अरे बाबा, माझ्या घरात, माझ्या खुर्चीत बसलोय मी, मला कोण खातंय?

बरं, दिवस कुठला, तर संध्याकाळी लेकीचा व्हिडिओ कॉल. ती राहते लांब. नात चालायला लागलीय, ते आम्हाला दाखवायचं होतं. मोबाईलवर बघा म्हणाल, पण त्यात मला नात मुंगीएवढी दिसते. आणि हिनं तर टेबल मोजायला टेपच काढली. म्हणाली, "आज नात यात दिसली तर ठीक, नाहीतर उद्या हा भंगारात आणि इथं माझं शिलाई मशीन." लेक शाळेत असताना तिच्यासाठी घेतलेला हो तो, तिनं चिकटवलेली फुलपाखरं अजून आहेत त्याच्या अंगावर. जीव आहे माझा त्याच्यावर, लपवायचं कशाला?

केला फोन नेटवाल्यांना. अर्धा तास बासरी ऐकवली, मग एक बाई आली, आवाज असा की जणू मी लग्नाचं आमंत्रण द्यायलाच फोन केलाय... "सर, आपण एकदा बंद करून चालू करून बघता का?" म्हटलं, बघितलं. "मग सर, भिंतीवरचं बटण बंद करा, दहापर्यंत मोजा आणि चालू करा." मोजले! ढिम्म. मग साडूला फोन. आमचा साडू म्हणजे सर्वज्ञ, त्याला फक्त स्वतःचा चष्मा सापडत नाही. तो घसा खाकरून काय सांगतो? "बंद करून चालू केलास का?" परत केलं, नाकी नऊ आले, आणि ही आपली टेप घेऊन टेबलाची लांबी घेतेय, रुंदी घेतेय, मधूनच मला म्हणते, जरा कोपर उचला...

आणि मापं घेता घेता ती थांबली. पडद्याच्या खालच्या कोपऱ्यात बघितलं, मग माझ्याकडे बघितलं. "अहो, यात तारीख कुठली आहे? या साली आपली पोरगी शाळेत होती. त्याला नात कुठून दिसणार?"

मी तारीख बदलली, आणि काय सांगू, सगळं झरझर उघडलं! मी आपला भल्या मनानं त्या बाईला कळवलं. ती म्हणाली, "अभिनंदन सर! आता फक्त एकदा बंद करून चालू करा." आणि मी भिंतीवरच्या बटणासकट केलं हो! पुन्हा पोरगी शाळेत...

मग परत फोन केल्यावर साडूची ट्यूब पेटली. म्हणे, आत बटणाएवढा एक सेल असतो, वीज गेली तरी तो तारीख धरून ठेवतो. तो संपलाय, आणि तारीख चुकली की याला प्रत्येक साइट खोटी वाटते. शनिवारी झाडताना हिनं वायर काढली, तिथून याची स्मरणशक्ती गेली, आणि पुढं प्रत्येक वेळी मीच बटण बंद करून त्याला मागं ढकलत होतो. म्हणजे बघा, औषध म्हणून जे देत होतो, तोच रोग!

रविवारी दुकानं बंद. ही स्वयंपाकघरात. मी मागचं झाकण उघडून सेल काढला आणि तसलाच दुसरा... मिळाला मला घरात. कुठं ते विचारू नका.

संध्याकाळी नात आली पडद्यावर. दोन पावलं टाकली, धपकन बसली, आणि आम्हाला बघून हसली. मला भरून आलं. हिनं टेप गुंडाळून ठेवली, पदरानं डोळे पुसले आणि त्याच पदरानं कॉम्प्युटरवरची धूळपण पुसली. मला वाटलं, जिंकलो.

सोमवारी सकाळी आतल्या खोलीतून हाक. "अहो, माझा वजनकाटा लागत नाहीये, काहीच दाखवत नाही!"

मीही घसा खाकरला आणि म्हटलं, एकदा बंद करून चालू करून बघ.